जवळची खूण: श्रीपाल आवटी

आमच्या रेणुका कॉलनीतल्या एकशे बारा घरांच्या पत्त्यात 'जवळची खूण' म्हणून श्रीपाल आवटी यांची नोंद आहे, आणि त्यामुळे त्यांना सकाळी दहा ते संध्याकाळी सहा वळणावरून हलता येत नाही.

हे असं का झालं ते आधी सांगतो, म्हणजे माझ्यावर अन्याय कसा झाला तेही ओघानं येईल. सांगलीत रेणुका कॉलन्या चार आहेत. त्यातल्या तिघींना काहीतरी आहे. एकीत शाळा आहे, दुसरीत दत्ताचं देऊळ आहे, तिसरीत पाण्याची टाकी आहे. आमच्या कॉलनीत काही नाही. एक गुलमोहर होता, तो रस्ता रुंद करताना गेला. मग बँका आणि विमा कंपन्या आमच्या लोकांचे अर्ज परत पाठवू लागल्या. कुणी खातं उघडायला गेलं, विमा घ्यायला गेलं, की पत्ता पडताळणी खात्याचा शेरा यायचा: "खूण नाही. घर असल्याचे सिद्ध होत नाही." माणसं त्या घरांत राहत होती, सकाळी दूध घेत होती, एकमेकांशी भांडत होती, पण नियमापुढं कुणाचं काही चाललं नाही.

शेवटी खात्याची माणसं खूण शोधायला आली. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. खूण होण्यासाठी अटी तीनच आहेत: ती तीस फुटांवरून दिसली पाहिजे, नात्यात नसलेल्या दोन शेजाऱ्यांनी ती ओळखली पाहिजे आणि ती जागची हलता कामा नये. त्यांनी वळणावर खुर्च्या टाकून तीन दिवस पाहणी केली. त्या काळात वळणावर दोघंजण उभे असायचे. एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आवटी आणि दुसरा मी, अरविंद कोष्टी, एसटीच्या वाहतूक विभागातून त्याच महिन्यात निवृत्त झालेला. आम्ही दोघं चौगुल्यांच्या कंपाउंडला टेकून सकाळपासून बोलत उभे राहायचो. उंचीनं मी आवटींपेक्षा चार बोटं जास्तच आहे. तीस फुटांवरून आमच्यापैकी कोण आधी दिसेल ते तुम्हीच ठरवा.

तिसऱ्या दिवशी सव्वाअकरा वाजता माझ्या बायकोनं, शशिकलानं, गॅलरीतून हाक मारली, "अहो, तेवढं दळण आणा की. पीठ संपलंय."

मी डबा घेऊन गिरणीत गेलो. परत आलो तेव्हा आवटींभोवती चुन्यानं पांढरा गोल काढून झाला होता. अहवालात वाक्य आहे, मी ते स्वतः वाचलंय: "दोन इसमांपैकी एक स्थिर. दुसरा डबा घेऊन निघून गेला."

पाच किलो गव्हापायी माझी खूण हुकली. शशिकलाला मी हे निदान शंभर वेळा सांगितलं असेल. तिचं उत्तर ठरलेलं असतं, "मग त्या दिवशी चपात्या कशाच्या खाल्ल्या असत्या?"

आवटींचं मात्र नशीब फळफळलं. रिक्षावाले 'आवटी' म्हटलं की बरोबर आमच्या वळणावर आणतात. लग्नपत्रिकांवर, बारशाच्या निमंत्रणांवर, गॅसच्या पावतीवर, सगळीकडं छापलेलं असतं: 'श्री. आवटी यांच्याजवळ'. खात्यात नोंदवलेल्या फोटोत त्यांच्या अंगात तपकिरी स्वेटर होता, म्हणून ते मे महिन्यातही तपकिरी स्वेटर घालतात. मिशी काढायची त्यांना परवानगी नाही. खंडेनवमीला लोक आपापल्या गाड्या धुऊन हार घालतात, तसा कॉलनीकडून त्यांनाही झेंडूचा हार पडतो, पायांवर हळद-कुंकू वाहिलं जातं. मागच्या वर्षी तो हार शशिकलानं घातला. टाचा उंचावून घातला. माझ्या स्कूटरला हार घालायचा राहिला, हे मी रात्री जेवताना सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "स्कूटर चालते कुठं तुमची?"

खुणेला घरी जाता येत नाही, म्हणून तिला चहा शेजाऱ्यांनी द्यायचा, असं कॉलनीच्या बैठकीत ठरलं. आमचं घर सगळ्यांत जवळचं, पहिल्या मजल्यावरचं, गॅलरी वळणाच्या बरोबर समोर, तीस फुटांवर. त्यामुळे चहा आमच्याकडं आला. अकराला एक, चारला एक. आवटींच्या चहात शशिकला आलं घालते. मला आलं चालत नाही असं तिनं स्वतःच ठरवलेलं आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी याबद्दल कुणाशी बोललो नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मागच्या गौरी-गणपतीत शशिकलानं स्वतःचं खातं उघडायचं ठरवलं. ती घरी भडंग करते. पाकिटं मिरजेपर्यंत जायला लागली होती आणि गिऱ्हाइकांना मोबाईलवरून पैसे द्यायचे असायचे. तिनं अर्ज भरला आणि पडताळणीसाठी मिस मुजावर आल्या. निलोफर मुजावर. तिशीच्या आतबाहेर असतील. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत टेप, खडू आणि शिक्का. बोलणं एकदम कागदावरचं.

त्यांनी दाराची पाटी पाहिली, शशिकलाचं आधारकार्ड पाहिलं, शेजारच्या चौगुले वहिनींना विचारून आल्या आणि आमच्या सोफ्यावर बसून रकाने भरू लागल्या. "जवळची खूण?" त्यांनी विचारलं.

मी घसा साफ केला. हा अर्ज माझ्या बायकोचा होता. बत्तीस वर्षं मी तिच्याजवळ आहे. तीस फुटांवर नाही, शेजारच्या उशीवर. एकशे अकरा घरांनी काय लिहायचं ते लिहावं, पण या एका कागदावर तरी माझं नाव यावं अशी माझी अपेक्षा होती आणि ती फार मोठी होती असं मला आजही वाटत नाही.

"आवटी अण्णा," शशिकला म्हणाली. तिनं माझ्याकडं मान वळवूनही पाहिलं नाही. ती भडंगाचा लसूण सोलत होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, "मॅडम, मी या घरातच असतो. मला खूण म्हणून घाला."

"नियम चौदा," मिस मुजावर म्हणाल्या. "पत्नीच्या पत्त्याला नवरा खूण म्हणून चालत नाही."

"का?"

"नवरा हलतो."

त्यांनी 'श्री. आवटी यांच्याजवळ' असं लिहिलं, शिक्का मारला आणि शशिकलाला सही करायला सांगितली. तिनं लसणाचे हात पदराला पुसून सही केली. चार दिवसांत तिचं खातं उघडलं. मला त्या चार दिवसांत झोप लागली नाही. मला आवटींचा हेवा वाटत होता, हे मी कशाला लपवू? स्वतःच्या बायकोच्या पत्त्यात दुसऱ्या माणसाचं नाव, तेही छापील.

नियम मला पाठ झाले होते. खूण हलली, तर नोंद रद्द होते. म्हणजे आवटी हलले, हे सिद्ध करणं एवढंच काम उरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी गॅलरीत खुर्ची टाकली, मांडीवर वही घेतली आणि बसलो. संध्याकाळी सहाला उठलो. तिसऱ्या दिवशीही तसंच. असे आठ महिने मी बसलो. दिवाळीत पाहुणे आले, त्यांना मी गॅलरीतूनच नमस्कार केला. मेव्हण्याच्या वास्तुशांतीला शशिकला एकटी गेली. जानेवारीत ताप आला तेव्हा घोंगडी पांघरून बसलो. जेवणाचं ताट गॅलरीतच यायचं.

आवटी सहज हलत नव्हते. माणूस चिवट होता. वहीत नोंदी अशा आहेत: 'कान खाजवला, पाय जागेवर.' 'शिंक, दोन वेळा.' 'कुत्रं आलं, कुत्रं गेलं, आवटी तिथंच.' दर मंगळवारी एक वेगळी नोंद आहे. ती मी लाल शाईनं करत असे. 'सव्वाअकरा. शशिकला थांबली. डबा खाली ठेवला. बोलणं. हसणं. चार मिनिटं.' घर तीस फुटांवर असताना डबा तिथं ठेवून हसण्यासारखं काय असतं, ते मला गॅलरीतून ऐकू यायचं नाही. ज्या मंगळवारी ती पाच मिनिटं थांबली, त्या नोंदीखाली मी दोन रेघा मारल्या आहेत.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन चढलं आणि आवटी हलले. मी डोळ्यांनी पाहिलं. चौगुल्यांच्या भिंतीची सावली सरकली, तसे तेही तिच्यामागं सरकले. तपकिरी स्वेटरमधला माणूस किती सोसणार? त्यांचा डावा पाय चुन्याच्या गोलाबाहेर होता. मी त्याच दिवशी गॅलरीतूनच मोबाईलवर हरकत दाखल केली: 'खूण सरकली आहे. नोंद रद्द करून पर्यायी खुणेचा विचार व्हावा.' पर्यायी खुणेच्या रकान्यात माझं नाव घालून टाकलं.

सुनावणी वळणावरच झाली, कारण खुणेला कार्यालयात बोलावता येत नाही. मिस मुजावर टेप घेऊन आल्या. कॉलनीतली दहा-बारा माणसं जमली. शशिकला चहाचा कप घेऊन आली होती. अकराची वेळ होती. मी माझी वही घेऊन खाली उतरलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी त्या वेळेला खाली आलो होतो आणि पायऱ्या उतरताना गुडघे कुरकुरत होते.

मिस मुजावरांनी गोलापासून आवटींच्या टाचेपर्यंत टेप धरली. "एक फूट चार इंच," त्या म्हणाल्या. "मार्च ते जून दीड फुटापर्यंत सवलत आहे. नियम नऊ. खूण कायम."

आवटी घाम पुसत म्हणाले, "जाऊ दे ओ कोष्टी. मला बी वाटलं होतं दोन फूट झालं असंल."

मिस मुजावर माझी वही चाळत होत्या. त्या वाचता वाचता थांबल्या. "या नोंदी तुम्ही कुठून केल्या?"

"गॅलरीतून. खुर्चीत बसून."

"रोज?"

"रोज. दहा ते सहा."

"एकही दिवस चुकला नाही?"

"तापातसुद्धा नाही," मी म्हणालो. माझ्या चिकाटीचं कौतुक होतंय असं मला वाटलं.

"मंगळवारच्या नोंदी लाल आहेत," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचू लागल्या. "शशिकला थांबली. डबा खाली ठेवला. बोलणं. हसणं. चार मिनिटं." त्यांनी पान उलटलं. "पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही. हा डबा कसला?"

शशिकलानं चहाचा कप आवटींच्या हातात दिला आणि माझ्याकडं वळली.

"दळणाचा," ती म्हणाली. "आठ महिनं दळण मीच आणतोय. गिरणी अर्धा मैल. हाताला रग लागते, म्हणून ठेवतो खाली." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "एवढं घड्याळ लावून बघत होता, तर खाली यायचं होतं की डबा घ्यायला."

मला डबा दिसला होता, हे खरं. तो कुणाच्या हातात आहे याची नोंद मी केली होती. त्याचं वजन किती असेल हे माझ्या मनात आलं नव्हतं. मला लाज वाटली आणि लाज वाटत असतानाच मला हेही विचारायचं होतं की मग हसायचं कशाला; पण ती वेळ नव्हती.

मिस मुजावरांनी पिशवीतून एक जुनी फाईल काढली. फाईल आवटींची होती. "कोष्टी साहेब, एक प्रकरण चार वर्षं अडकलंय. श्री. आवटी यांच्या स्वतःच्या घराच्या पत्त्याला खूण नाही. खुणेला स्वतःची खूण होता येत नाही, नियम तीन. कॉलनीत दुसरी खूण नाही. त्यामुळे त्यांचा पत्ता पडताळलेला नाही."

मला हे ठाऊक नव्हतं. कॉलनीत कुणालाच ठाऊक नव्हतं. एकशे बारा घरं ज्या माणसाच्या जिवावर सापडत होती, त्याचं स्वतःचं घर कागदावर सापडत नव्हतं.

"त्यांचं काय अडलंय?" चौगुले वहिनींनी विचारलं.

"लॉकर हाय," आवटी म्हणाले. ते सहसा स्वतःचं सांगत नाहीत. "आमच्या हिची नथ हाय आत. ती गेल्यापास्नं तिथंच हाय. नातीचं लग्न हाय पुढच्या महिन्यात. मुलगी हुबळीस्नं फोन करती, 'अप्पा, आईची नथ.' मी सुट्टीच्या शनवारी बँकेत जातो, ते म्हणतात पत्ता आणा. आता पत्ता कुठनं आणू ओ? सगळ्यांना मीच देतोय."

मिस मुजावर माझ्याकडं पाहून मोजत होत्या, टेपशिवाय. "तीस फुटांवरून दिसतात," त्या म्हणाल्या. "शेजारी ओळखतात. आवटींच्या नात्यात नाहीत. आणि आठ महिने गॅलरीतून हललेले नाहीत, याचा त्यांच्याच हस्ताक्षरात पुरावा आहे." त्यांनी संमतीचा कागद पुढं केला.

मी विचारलं, "किती घरांसाठी?"

"एका."

"एकशे बारापैकी थोडी माझ्याकडं वळवता येतील का? निदान आमचं स्वतःचं?"

"नाही. नियम चौदा."

"पण आता मी हलत नाही हे सिद्ध झालंय."

"आपण आवटींसाठी हलत नाही," मिस मुजावर म्हणाल्या. "पत्नीसाठीचा पुरावा वहीत नाही."

आवटींनी कप खाली ठेवला आणि हात जोडले. चार वर्षं ज्याचा मी हेवा केला, तो माणूस गोलाच्या आत उभा राहून माझ्याकडं काहीतरी मागत होता. मला नाही म्हणता आलं असतं. क्षणभर तेवढं सुख मी घेतलं, खोटं कशाला बोलू? मग मी सही केली. नथीसाठी केली, की छापील रकान्यात एकदा तरी नाव यावं म्हणून केली, ते मी स्वतःला विचारलेलं नाही.

"म्हणजे आता दळण कायमचं माझ्याकडं," शशिकला म्हणाली.

"नियमाप्रमाणे, हो," मिस मुजावर म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

आठवड्याभरात आवटींच्या नावानं पत्ता पडताळल्याचं पत्र आलं. ते पत्र मी पाहिलं आहे. 'जवळची खूण: श्री. अरविंद कोष्टी, गॅलरीत बसलेले.' नथ लॉकरमधून निघाली, हुबळीला गेली. नातीच्या लग्नाला आवटी गेले नाहीत, कारण तो दिवस कामाचा होता. त्यांनी मोबाईलवर नातीचा फोटो वळणावरून उंच धरून मला दाखवला. तीस फुटांवरून नथ काही दिसली नाही, पण मी छान आहे असं म्हणालो.

आता माझ्या खुर्चीभोवतीही पांढरा गोल आहे. नोंदवलेल्या फोटोत माझ्या अंगात पट्ट्यांचा बनियन होता, त्यामुळे तोच घालावा लागतो. रोज सकाळी दहाला आवटी आधी वर बघतात, मी बसलो आहे याची खात्री करून घेतात आणि मग आपल्या गोलात उभे राहतात. चहा आता एकाच पातेल्यात होतो, त्यामुळे माझ्याही चहात आलं असतं. तो आधी त्यांना जातो. त्यांच्यावर एकशे बारा घरं आहेत, माझ्यावर एक.

मंगळवारी सव्वाअकराला शशिकला गिरणीकडून येते. हल्ली भडंगाबरोबर चकल्यांच्याही ऑर्डरी असतात, त्यामुळे डबा मोठा झाला आहे आणि ती दर वीस पावलांवर हात बदलते. वळणावर पोचली की डबा आवटींच्या पायाशी ठेवते, पदरानं मान पुसते. आवटींना डबा उचलता येत नाही, कारण घर गोलाबाहेर आहे. ते तिला काहीतरी सांगतात आणि ती हसते.

मग ती एकदा वर माझ्याकडं बघते. मी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून बसलेला असतो. सहा वाजायला अजून पावणेसात तास असतात.